फाळक्यावरचा हात

“…आणि फाळक्यावर माझा हात कवा पडायचा, उस्ताद?”

दिवाळी झाल्यापासून केरबानं हा प्रश्न चौथ्यांदा विचारला होता. आधीच्या तीन वेळा उस्तादांना ऐकू आलं नव्हतं.

आताही ते चहाच्या ग्लासात बघत राहिले.

“उस्ताद, मी काय म्हणालो…”

“ऐकलं.”

 ऐकलं म्हटल्यावर पुढं काय बोलायचं, याची केरबानं तयारीच केली नव्हती.

राधानगरी सोडून कोकणाकडे निघालं की फोंडा घाट लागायच्या अलीकडे, रस्त्याच्या डाव्या अंगाला दस्तगीर मुजावरांचं कमानपाट्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार खांब, वर पत्रा आणि मध्ये ऐरण. ट्रकचं सगळं ओझं ज्या वाकड्या पोलादी पट्ट्यांवर तोललेलं असतं, ते हे पाटे. एकाखाली एक रचलेले, मध्ये बोल्टनं आवळलेले. ते बसले की गाडी कलते. ते तुटले की गाडी कुठं जाईल ते देव जाणे, आणि घाटात देवालाही फार जागा नसते.

त्या दुकानाचा एक रिवाज होता. काम संपलं की उस्ताद उठायचे, गाडीच्या मागं जायचे आणि फाळक्यावर, म्हणजे मागच्या आडव्या दारावर, उघड्या पंजानं दोनदा मारायचे. धप, धप. मगच ड्रायव्हर गियर टाकायचा. उस्तादांचा हात पडल्याशिवाय घाट उतरायचा नाही, अशी शपथ घेतल्यासारखे वागणारे ड्रायव्हर कोल्हापुरापासून मालवणापर्यंत होते. एकदा उस्ताद तापानं पडले, तर दोन भरल्या गाड्या दीड दिवस दुकानासमोर उभ्या राहिल्या. काम झालं होतं, नट आवळले होते, केरबा शेजारी उभा होता. पण ड्रायव्हर म्हणाले, चाचांना बरं वाटू दे.

ते केरबाला फार लागलं होतं.

घण केरबाचा, घाम केरबाचा आणि हात मात्र उस्तादांचा. केरबाला तो हात हवा होता. ज्या दिवशी आपल्या दोन थपडांवर एक भरलेली गाडी घाट उतरेल त्या दिवशी आपण उस्ताद, हे त्यानं मनाशी पक्कं केलं होतं.

आणि गर्व करावा असं त्याच्याकडे होतंही. जातीचा लोहार. आजोबांनी बैलगाड्यांच्या चाकांवर लोखंडी धावा चढवल्या, बापानं नांगराचे बोथट फाळ तापवून शेवटले, आणि हा पाटे ठोकायला लागला. बसलेला पाटा ऐरणीवर घेऊन तो थंडाच ठोकायचा, इंचाइंचानं कमान परत भरायचा. दुसऱ्याला दोनशे घाव लागायचे तिथं याला सव्वाशे. पाटा टांगून त्यावर हातोडीचा टोला दिला की आवाजावरून सांगायचा, चीर आहे की नाही. पाटा धड असेल तर घंटेसारखा वाजतो, चिरलेला असेल तर मडक्यासारखा. एवढं कुणालाही कळतं. केसाएवढी चीर कळायला मात्र कान लागतो, आणि तो कान केरबाला होता.

ठोकून झालेल्या पाट्यावर तो आपली खूण करायचा. खालच्या अंगाला, पंचानं, तीन टिंबं. एकदा का पाटे एकमेकांवर बांधले की ती खूण आत जायची, कुणाला दिसायची नाही. पण आहे हे त्याला माहीत असायचं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्यानं ठोकलेला एकही पाटा अकरा वर्षांत त्या ऐरणीवर परत आला नव्हता. एकही नाही. हे तो गिऱ्हाइकाला सांगायचा. गिऱ्हाइकानं विचारलं नाही तरी सांगायचा.

दोन कामं तेवढी उस्तादांनी स्वतःकडे ठेवली होती. पाट्यांचा जुडगा खोलायचा उस्तादांनी, आणि ठोकून झाल्यावर परत बांधायचाही उस्तादांनीच. मधलं सगळं केरबाचं. शिवाय एक नियम होता. ठोकलेला पाटा लगेच गाडीला चढवायचा नाही. रात्रभर झोपू द्यायचा. केरबा सकाळी आठला येई तेव्हा उस्तादांनी पहाटेची नमाज आटोपून जुडगा बांधून, ग्रीस लावून तयार ठेवलेला असे. घाईतल्या ड्रायव्हरांना केरबा हा नियम मोठ्या रुबाबात समजावून सांगायचा. “पोलाद हाय ते, तात्या. मार खाल्ल्यावर त्याला बी इसावा लागतोय. झोपलं की अंगात मुरतंय.”

ड्रायव्हर मान डोलवायचे आणि चहा मागवून बाकड्यावर बसायचे.

बाकडी तेवढी झकास होती. मोडीत निघालेले पाच-पाच पाटे शेजारी शेजारी लोखंडी पायांवर जोडून उस्तादांनीच केलेली. मध्ये जरा खोलगट, त्यामुळे बसणाऱ्याची कंबर दुखत नसे. केरबा पहिल्यांदा आला तेव्हा तिथं बसायला नुसता एक दगड होता. आता तीन बाकडी होती. धंदा वाढला, बसणारे वाढले.

उस्ताद त्यातल्याच मधल्या बाकड्यावर बसले होते.

“आज आकाराम येतोय,” ते म्हणाले.

“व्हय. निरोप हाय त्याचा.”

“खोल तू. बांध तू. काय ठोकायचं, काय बदलायचं… तूच ठरव.”

केरबाला आधी वाटलं आपणच नीट ऐकलं नाही.

“आणि हात?”

“बघू की…”

एवढंच. पण केरबाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यानं ऐरण पुसली. मग घण पुसला. मग परत ऐरण पुसली. मनात एक विचार आला आणि त्याची त्याला थोडी लाजही वाटली, की म्हाताऱ्याला उशिरा का होईना उमगलं. उस्तादांचे कान आता गेलेच होते. मागून हॉर्न वाजला तरी ते सावकाश वळून बघायचे. ज्याला टोल्याचा आवाज येत नाही त्यानं पाट्याचा निकाल कसा द्यावा? वेळ झाली होती, आणि ती केरबाची वेळ होती.

आकाराम चौगल्यांची गाडी अकराच्या सुमाराला आली. दहा चाकी, मागं गुळाच्या ढेपा भरलेल्या, वर ताडपत्री. फाळक्यावर पिवळ्या रंगात लिहिलं होतं, ‘अकरा लाख किलोमीटर, पाटे कंपनीचे’. आधी तिथं ‘दहा लाख’ होतं. आकाराम दरवर्षी पेंटर बोलावून आकडा बदलून घेत असे, लोक घराला रंग देतात तसं.

“काय मिस्त्री!” आकाराम खाली उडी मारत म्हणाला. पंचावन्न वर्षांचा माणूस, पण उडी पंचविशीतली. “दोन वर्सांमागं तू ठोकलेलं पाटं. दोन लाख पळाली गाडी! हूं का चूं न्हाई.”

“पळणारच की, तात्या.”

“आता डाव्या अंगाला मागं जरा कलतीया. बघ. उद्या दुपारपातूर मालवणात गूळ पोचवायचाय. आज ठोक, उद्या सकाळी निघतो.”

केरबानं गाडीला एक फेरी मारली. वाकून बघितलं. पाटा आणि चासी यांच्यात वीत घातली. उजवीकडे वीतभर जागा होती, डावीकडे चार बोटं. मग तो उठला, हात झटकले आणि उस्तादांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला,

“ठोकून घेऊ. बदलायचं काय बी कारण न्हाई. मेन पाटा माझ्या हातचा हाय. दोन लाख चाललाय, आणखी दोन लाख चालंल.”

“खोलल्याबिगर?” उस्तादांनी विचारलं.

“उस्ताद, माझाच पाटा मला खोलून बघायचा?”

 उस्तादांनी ग्लास बाकड्यावर ठेवला.

गूळ उतरवून घेतला. जॅक लावला, लाकडी ठोकळे दिले, नट सोडले. जुडगा खाली आला तेव्हा केरबानं मधला बोल्ट काढायच्या आधी आकारामला हाक मारली. त्याला आज प्रेक्षक हवा होता.

“या तात्या. माझी खूण दावतो तुम्हाला. अकरा वर्सांत कुणाला दावली न्हाई.”

बोल्ट निघाला. पाटे सुटे झाले. सगळ्यात वरचा, सगळ्यात लांब, दोन्ही टोकांना गोल वळवलेले डोळे असलेला मेन पाटा केरबानं पालथा घातला. रॉकेलच्या बोळ्यानं ग्रीस पुसलं. मग तारेच्या ब्रशनं घासलं.

तिथं काही नव्हतं.

त्यानं दुसरं टोक घासलं. मग मधला भाग. मग, येड्यासारखा, वरचं अंगही घासलं. जिथं त्यानं कधीच खूण केली नव्हती.

“काय शोधतोस?” आकारामनं विचारलं.

केरबा सावकाश उभा राहिला. चेहरा लाल झाला होता.

“तात्या… गाडी दुसरीकडं कुठं घातलीसा?”

“म्हंजे?”

“हा पाटा माझा न्हाई. कुणीतरी बदललाय. कुठं खोलली गाडी, सांगा. सावंतवाडीला? रत्नागिरीला?”

 आकारामचा आवाज असा चढला की पलीकडच्या पंक्चरवाल्यानं मान वर केली.

“ए केरबा! त्या गाडीखाली या दुकानाशिवाय दुसऱ्या कुणाचा हात लागलेला न्हाई! माझ्या आईची आन! बाईल माहेराला दुसऱ्यासंगं धाडीन, पर गाडी दुसऱ्याकडं घालायचा न्हाई मी!”

“मग पाटा काय उडून गेला?”

“मला खोटं पाडतोस? अकरा लाखाच्या माणसाला?” आकारामनं फाळक्याकडे हात केला. “बांध ते पाटं हायत तसं. जातो मी. उतरतो घाट तसाच. बघतो काय हुतंय.”

“जावा! कलल्या गाडीनं जावा!”

दोघांचंही खरं होतं, म्हणून दोघंही मागं सरेनात. खोटा माणूस एव्हाना नरमला असता.

“केरबा.”

उस्ताद उठले होते. त्यांनी ग्लास उचलून खाली जमिनीवर ठेवला, जपून, कडेला.

“बाकडं उलटं कर.”

“काय?”

“बाकडं. आकाराम, तू त्या टोकाला धर. उलटं करा.”

आता म्हातारा कशाला मध्येच बाकडं काढतोय, असं दोघांच्याही तोंडावर लिहिलं होतं. पण उस्तादांनी कधी आवाज चढवला नव्हता, म्हणून त्यांचं कुणी टाळलंही नव्हतं. दोघांनी बाकडं उचललं आणि पालथं घातलं. पाय वर झाले.

पाच पाट्यांची खालची अंगं उन्हात आली.

पहिल्या पाट्याच्या टोकाजवळ तीन टिंबं.

दुसऱ्याच्या… तीन टिंबं.

केरबा गुडघ्यावर बसला. तिसऱ्यावरची धूळ त्यानं अंगठ्यानं पुसली. चौथ्यावरची. पाचव्यावरची पुसायला त्याचा हात पुढं झाला आणि थांबला.

“हा…” तो म्हणाला. “हा तात्यांचा.”

त्याला पाटा ओळखू आला होता. बाप आपलं पोर पाठमोरं ओळखतो तसा. दोन वर्षांपूर्वी या पाट्यावर त्यानं एक अख्खी दुपार घातली होती. पार सपाट झाला होता, लोकांनी मोडीत टाकला असता. त्यानं तो असा उभा केला की आकारामनं ऐरणीपुढं नारळ फोडला होता.

उस्तादांनी खांबाला अडकवलेली लहान हातोडी काढून त्याच्यापुढं धरली.

केरबानं ती घेतली. नको वाटत होतं, तरी घेतली. बाकड्याचे दोन बोल्ट सोडून पाचवा पाटा मोकळा केला, साखळीला टांगला आणि टोला दिला.

मडकं.

पुन्हा दिला. कान जवळ नेऊन.

मडकंच. चीर होती, अगदी बारीक, मधल्या भोकाच्या अंगाला. ज्या कानाचा त्याला एवढा गर्व होता, त्याच कानानं निकाल दिला.

“हा… तवाच चिरला होता?”

“तवा न्हवता. नुसतं माणसं बसून बसून चिरलाय. भरल्या गाडीखाली ऱ्हायला नसता.”

“मग हा हितं कसा आला?”

“मी काढला.”

“कवा?”

“पहाटं. तू यायच्या आदी.”

केरबा हिशेब जुळवू लागला. खोलणं उस्तादांचं. बांधणं उस्तादांचं. सकाळी ग्रीस लावून तयार असलेले जुडगे. आणि अकरा वर्षं ज्याचं कौतुक तो सांगत आला तो…

“म्हंजे पाटा रात्रभर झोपू द्यायचा ते…”

“पाटा झोपत न्हाई, बाळा,” उस्ताद म्हणाले. “तू झोपायचास.”

पंक्चरवाल्याच्या पंपाचा आवाज येत होता, तोही थांबला.

“त्याच्या जागी काय घातलं, चाचा?” आकारामनं विचारलं. त्याचा आवाज आता पार खाली आला होता.

“माझ्याकडचा एक जुना. दमाचा होता.”

“म्हंजे कंपनीचा न्हाई.”

“न्हाई.”

आकाराम वळून आपल्या फाळक्याकडे बघत राहिला. पिवळी अक्षरं गेल्याच महिन्यात रंगवलेली, ताजी होती. 

“अकरा लाख अकरा लाख करून मी गावभर मिरवलं, चाचा. मग माझ्या गाडीत ओरिजनल ऱ्हायलंय तरी काय?”

“डायवर,” उस्ताद म्हणाले.

आकारामला आधी ते लागलं. मग ते त्याच्या पोटात उतरलं, आणि तो असा हसला की डोळ्यांत पाणी आलं. हसता हसताच त्यानं विचारलं, “पर मला सांगायचं तरी हुतं…”

“सांगितलं असतं तर त्याच्या घणाखाली पाटं दिलं असतंस?”

आकारामनं डोळ्यांतलं पाणी पुसलं. पाटे दिले नसते, हे सगळ्यांना कळलं.

केरबा हसत नव्हता. उरलेली दोन बाकडी त्यानं एकट्यानं पालथी घातली, दणादण, राग काढल्यासारखी. एकेका पाट्यावर हात फिरवला. तीन टिंबं. तीन टिंबं. तीन टिंबं. याच बाकड्यांवर ढेंगा टाकून बसून त्यानं गिऱ्हाइकांना सांगितलं होतं, माझा पाटा परत येत नाही म्हणून. खरंच होतं ते. परत कसा येणार? तो स्वतःच त्याच्यावर बसला होता.

“पंधरा,” तो म्हणाला.

“पंधरा.”

“सगळं माझं.”

“सगळं तुझं.”

“आणि बाकीचं? ह्या अकरा वर्सांत मी जे काय शेकड्यानं ठोकलं, ते?”

उस्तादांनी हनुवटीनं रस्ता दाखवला. एक भरलेला ट्रक चढ चढून वर येत होता, कण्हत, पण सरळ.

“ते पळत्यात.”

केरबानं त्या ट्रकच्या मागच्या चाकांकडे पाहिलं. तो गेला तरी तिकडेच पाहत राहिला.  

“मला तरी सांगायचं, उस्ताद. पहिल्याच बारीला कान धरून सांगायचं.”

“सांगितलं असतं तर घण जड झाला असता.”

…

दुपार झाली. केरबा जेवला नाही. आकारामच्या गाडीचे पाटे त्यानं जमिनीवर ओळीनं मांडले. डावीकडचे खोलले होते, आता उजवीकडचेही खोलले, कुणी सांगितलं नव्हतं तरी. एकेक टांगला, एकेक वाजवला. उस्तादांनी घातलेला मेन पाटा अजून घंटेसारखा वाजत होता, मात्र कमान गेली होती. त्याखालचा दुसरा पार सपाट. तिसराही.

दुसरा पाटा त्यानं ऐरणीवर ठेवला. घण उचलला.

हाताला माहीत होतं काय करायचं ते. तीन बोटं पुढं एक घाव, मग दोन, मग उलटून मधोमध. तासाभरात हा पाटा असा उभा राहिला असता की बघणाऱ्यानं म्हणावं, कालच कारखान्यातून आला. आतला दम मात्र गेलेलाच राहिला असता, त्या पाचव्या पाट्यासारखा. हात शिवशिवत होता. पाटे ठोकणाऱ्याला सपाट पाटा दिसला की राहवत नाही.

केरबानं घण खाली ठेवला.

“तात्या, दोन्ही अंगाला नवं घालायचं. सगळं. बुश बी नवं, यू-बोल्ट बी नवं.”

आकाराम ताडकन उठला. “नवं? हितं कुठं हायत नवं?”

“कोल्हापूरसनं मागवायचं. उद्या दुपारी येतील.”

“उद्या दुपारी माझा गूळ मालवणात पायजे! सकाळी तूच म्हणालास ठोकून हुतंय म्हणून!”

“सकाळी म्हणालो.”

“मग आताच्या आता काय झालं? एक सोडून दोन मिस्त्री हायसा हितं. एवढी बारी ठोक. पुढच्या खेपेला बदलू. एक घाट तर उतरायचाय!”

“गाडी हलायची न्हाई, तात्या.”

केरबा हे मोठ्यानं बोलला नाही. सकाळी बोलला होता तसा कुणाला ऐकवायलाही नाही. आकारामनं त्याच्याकडे पाहिलं, मग दाद मागायला उस्तादांकडे.

“चाचा, तुमी सांगा की ह्याला.”

उस्ताद डोंगराकडे बघत होते. त्यांना ऐकू आलं नाही.

आकारामनं दोन शिव्या दिल्या, एक गाडीला आणि एक केरबाच्या कुळाला, आणि मालवणला फोन लावायला पंक्चरवाल्याकडे निघून गेला. गूळ एक दिवस उशिरा आला म्हणून मालवण बुडालं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवे पाटे आले. जुडगे केरबानं बांधले, आयुष्यात पहिल्यांदा. नट आवळले. उस्ताद बाकड्यावर बसून होते. बाकडी पुन्हा सुलटी झाली होती आणि पाचवा पाटा जागच्या जागी बसला होता. संध्याकाळच्या आत गूळ चढला, ताडपत्री आवळली. गाडी दोन्ही बाजूंना सारखी, ताठ उभी राहिली.

केरबानं मोठा पाना आणून आकारामच्या सीटखाली ठेवला.

“घाट उतरला की गाडी थांबवा. भरल्या गाडीत नट परत आवळायचं. नवं पाटं हायत, बसत्यात अजून.”

“आरं, तू आवळल्यालं नट परत आवळावं लागत न्हाईत म्हणायचास की!”

“म्हणायचो,” केरबा म्हणाला. “तुमी आवळा.”

आकारामनं इंजिन चालू केलं आणि खिडकीतून मागं वाकून वाट बघू लागला. सगळ्यांनाच सवय होती. आता चाचा उठतील, मागं जातील, धप, धप.

उस्ताद उठले नाहीत.

“चाचा! हात?”

उस्तादांनी चहाचा ग्लास दोन्ही पंज्यांत धरला होता. ते म्हणाले,

“माझं हात गुतल्यात.”

इंजिन थरथरत होतं. आकारामनं उस्तादांकडे पाहिलं, मग केरबाकडे. हा माणूस आता गाडी बंद करेल, खाली उतरेल, म्हणेल चाचांचा चहा होऊ दे. केरबाला तशी खात्रीच वाटली. आणि नवल म्हणजे त्याचा राग आला नाही.

आकारामनं गाडी बंद केली नाही. त्यानं मान आत घेतली आणि समोर घाटाकडे तोंड करून बसला.

केरबा गाडीच्या मागं गेला. पुन्हा एकदा वाकून, एकेक नट डोळ्यांनी मोजून आला. मग ‘अकरा लाख’च्या पिवळ्या अक्षरांवर त्यानं पंजा ठेवला. ज्या हातासाठी अकरा वर्षं जीव टाकला, तो उचलताना जड वाटत होता. घणापेक्षा जड.

धप.

धप.

गाडीनं गियर घेतला. वळणावर एकदा ब्रेकचे दिवे लागले, मग ती दिसेनाशी झाली. केरबा रस्त्याच्या मधोमध उभा राहून कानात प्राण आणून ऐकत होता. तिसऱ्या वळणापर्यंत आवाज येतो. चौथ्याला येत नाही. तरी तो ऐकतच होता.

अर्ध्या तासानं तो येऊन बाकड्यावर, उस्तादांच्या शेजारी बसला. खाली त्याचेच पाटे होते. जरा लवले.

“उस्ताद… एक विचारू?”

“इचार.”

“चीर पडायच्या आदी तुम्ही पाटा काढायचा. मला जे ऐकू आलं न्हाई, ते तुम्हाला कसं कळायचं? तुम्हाला तर… नीट ऐकू बी येत न्हाई.”

उस्ताद हसले.

“ऐकायला कशाला लागतंय?”

“मग?”

“शेकड्यानं पाटं ठोकलंस. त्यातलं पंधराच मी काढलं…”

“कुठलं पंधरा?”

उस्तादांनी उरलेला चहा संपवला आणि रिकामा ग्लास बाकड्यावर, बरोबर पाचव्या पाट्यावर ठेवला.

“ठोकून झाल्यावर घण खाली ठिवून ज्याच्याकडं तू कौतुकानं बघत हुबा ऱ्हायचास… तेवढाच काढायचो.”